मोजणीबाईंचा हायड्रोजन

संस्थेत त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ वळली की मोजणीबाई. हे नाव कुणी पाडलं ते कळायला मार्ग नव्हता, पण त्यात खोटंही काही नव्हतं. बैठकीत कुणी म्हणालं, "प्रकाश बराच मिळतोय," की बाई विचारणार, "बराच म्हणजे किती?" कुणी म्हणालं, "आरसा तसा स्वच्छच आहे," की बाई, "तसा म्हणजे कसा?" अशा माणसाबरोबर चहा प्यायलाही लोक जरा बिचकतात. कपात साखर किती घातली याचाही हिशोब द्यावा लागेल, असं त्यांना वाटतं.

बाई मोजत होत्या तो हायड्रोजन. फुग्यात भरतात तो नव्हे. पृथ्वीच्या हवेचं अगदी वरचं टोक, जिथे हवा नावालाच उरते, तिथे हायड्रोजनचे सुटे अणू फिरत असतात. ते इतके हलके असतात की त्यातले काही पृथ्वीला कायमचा रामराम ठोकून निघून जातात. सूर्याच्या अतिनील प्रकाशातली एक ठरावीक छटा हे अणू झेलतात आणि लगेच चारी दिशांना उधळून देतात. त्यामुळे अख्खी पृथ्वी एका अंधुक उजेडात गुरफटलेली असते. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, आणि डोळ्यांना दिसत असता तरी जमिनीवरून दिसला नसता, कारण खालची हवा तो वाटेतच गिळून टाकते. तेव्हा उपकरण वर पाठवायचं, उजेड किती ते मोजायचं आणि त्यावरून अणू किती ते काढायचं. ऐकायला सोपं. बाईंची सगळी नोकरी या 'किती'मध्ये गेली.

घरी हे समजावून सांगायची वेळ एकदाच आली. वडील गेल्यावर आई बाईंकडे राहायला आली होती. तिने एका दुपारी विचारलं, "तू नेमकं करतेस काय गं? शेजारीण विचारत होती, मला काही सांगता येईना."

बाईंनी मनापासून सांगितलं. पाण्याची वाफ वर जाते, तिथे ती फुटते, तिच्यातला हायड्रोजन आणखी वर चढतो आणि थोडा थोडा निसटून जातो. म्हणजे पृथ्वीचं पाणी फार हळूहळू, पण कायमचं कमी होतंय.

"म्हणजे गळतंय?" आई म्हणाली.

"हो. म्हणायचं तर गळतंय."

"आणि किती गळतंय ते तुला माहीत नाही."

"तेच तर मोजतेय."

"इतकी वर्षं?" आई म्हणाली, आणि शेजारणीला मुलगी सरकारी नोकरीत आहे एवढंच सांगायचं तिने ठरवून टाकलं.

बाईंचे यजमान दातांच्या कवळ्या बनवत. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं, त्यावर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. नवखा पाहुणा दारातच दचके. कवळीवाल्यांचं काम असं, की सकाळी दिलेली कवळी संध्याकाळी एक तर बसायची, नाहीतर घासायला परत यायची. गिऱ्हाईक हसलं की काम संपलं. बाईंना त्यांच्या या धंद्याचा मनातून हेवा वाटे. त्यांच्या स्वतःच्या कामात हसायचा प्रसंग कधी आलाच नव्हता.

अगदी पहिल्यांदा, नोकरीला नव्याने लागलेल्या असताना, त्यांनी एका अग्निबाणातून आपलं उपकरण वर पाठवलं होतं. अग्निबाण सरळ गेला, ठरल्याइतका उंच गेला, ठरल्या जागी पडला. फक्त उपकरणाच्या तोंडावरचं झाकण उघडलं नाही. वरच्या त्या मोलाच्या काही मिनिटांत बाईंच्या उपकरणाने झाकणाच्या आतला अंधार अतिशय अचूक मोजला. पुढे दुसरा अग्निबाण मिळायचा होता, तो दुसऱ्याच कुणाला मिळाला. मग मंजुरी आली आणि गेली, साहेब बदलले, मजले बदलले, आणि बाईंचे केस पिकले.

शेवटी एका उपग्रहावर जागा मिळाली. उपग्रह खरा जमिनीचे फोटो काढायचा. त्यावरचा मोठा कॅमेरा हा घरमालक, आणि बाईंचा बुटांच्या खोक्याएवढा डबा हा कोपऱ्यातला पोटभाडेकरू. वजन एवढंच, वीज एवढीच, आणि घरमालकाची झोप मोडता कामा नये. बाईंनी सगळ्या अटी मान्य केल्या. अडला हरी.

डबा बांधायला घेतला तेव्हापासून बाईंनी केसांना तेल लावणं सोडलं आणि हाताला क्रीम लावणंही सोडलं. त्यांच्या त्या प्रकाशाला तेलाचं वावडं. आरशावर तेलाच्या वाफेचा पापुद्रा बसला, डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ, तरी उजेडाची वाट लागते. वर ऊन लागून तो पापुद्रा भाजून पक्का होतो, मग तो निघतच नाही. बाईंचे हात कोरडे पडून भेगाळले. आई ते हात हातात घेऊन बघायची आणि म्हणायची, "आरसा चकचकीत, आणि तू ही अशी."

डबा तयार झाला, आता राहिली मुख्य गोष्ट. डब्यात उजेड शिरला की तो एक आकडा सांगतो. तो आकडा म्हणजे खरा उजेड किती, हे आधी जमिनीवर ठरवावं लागतं. हवा काढून घेतलेल्या मोठ्या टाकीत डबा ठेवायचा, समोर एक दिवा लावायचा, त्या दिव्याचा उजेड दुसऱ्या खात्रीच्या मोजमापाने मोजायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. तराजू घेतल्यावर त्याची वजनं तपासावीत तसं. फक्त या अतिनील मुलखात खात्रीचं वजन मिळणं फार मुश्किल. दिवा म्हातारा होतो, खिडकीची काच काळवंडते, खात्रीचं मोजमापही खात्रीचं राहत नाही.

बाईंनी एकदा ताडून बघितलं. पुन्हा ताडून बघितलं. दुसऱ्या खेपेचं उत्तर पहिल्यापेक्षा एक पंचमांशाने कमी आलं. दोन्हींतलं एक तरी चुकीचं होतं, आणि कोणतं ते तिसऱ्यांदा बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. बाई संचालकांकडे गेल्या.

संचालक माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर सतत तीन फोन वाजत आणि तो चौथ्यावर बोलत असे.

"सर, मला टाकी आणखी एकदा हवी आहे."

"मॅडम, दोनदा दिली ना?"

"दोन्ही खेपांची उत्तरं वेगळी आली."

"मग सरासरी काढा."

"सर, एक घड्याळ दहा दाखवतंय आणि दुसरं बारा, म्हणून अकरा वाजले असं नसतं ना."

संचालक हसला. मग त्याने सांगितलं की टाकीचा नंबर पुढच्या गटाचा आहे, उपग्रहाची जोडणी सुरू झाली आहे, आणि डबा परवा गेला नाही तर त्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा बसवायचं ठरलंय. "ठोकळ्याला काही मोजायचं नसतं, मॅडम. तो वेळेवर जातो."

डबा गेला. बाई त्या दिवशी घरी आल्या त्या तडक स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसल्या. घासलेलीच भांडी. कवळीवाल्यांनी दारातून एकदा डोकावून बघितलं आणि शहाणपणाने परत जाऊन प्लॅस्टर कालवत बसले.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं उड्डाण दोनदा पुढे गेलं. शेवटी एकदाचा उपग्रह वर गेला आणि काही आठवड्यांनी बाईंच्या डब्याची पाळी आली. झाकण उघडायची आज्ञा गेली. खोलीत बाईंच्या शेजारी उभा होता तो मॉडेलवाला. हा त्याच मजल्यावरचा, बाईंपेक्षा बराच लहान, रोजचा चहाचा सोबती. वरच्या हवेचं सगळं गणित त्याने संगणकात बसवलं होतं आणि कुठे किती हायड्रोजन असायला हवा हे तो बसल्या जागी सांगू शकत असे. पडद्यावर आधी नुसते शून्याच्या आसपासचे आकडे आले, आणि मग एकदम रेषा वर चढली. झाकण उघडलं होतं. मॉडेलवाल्याने टाळी वाजवली. बाईंनी वाजवली नाही, पण खुर्चीची पाठ इतक्या जोरात धरली होती की बोटं पांढरी पडली.

तो आनंद आठवडाभर टिकला. मग हिशोब झाला. बाईंच्या डब्याप्रमाणे वरचा हायड्रोजन मॉडेलवाल्याच्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट निघाला.

"बाई, तुमचा डबा जास्त दाखवतोय," चहाच्या टेबलाशी मॉडेलवाला म्हणाला.

"किंवा तुझं मॉडेल कमी दाखवतंय."

"माझं मॉडेल वीस ठिकाणी वापरतात."

"आणि ते बनवताना हायड्रोजनचे आकडे कुठून घेतलेस?"

ते आकडे जुन्या उपकरणांचे होते. त्या उपकरणांचं ताडून बघणं कसं झालं होतं ते बाईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण मग त्याने सरळ विचारलं, "तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा, डबा बरोबर आहे?" आणि बाईंना ते सांगता येईना. एक पंचमांशाचा तो घोळ अजून सुटला नव्हता.

त्यातच उजेड उतरू लागला. आधी वाटलं, भास आहे. पण महिन्यामागून महिने रेषा खाली खाली घसरत गेली. आता गंमत अशी की खरा हायड्रोजनही कमी होत असू शकत होता. त्या काळात सूर्य खवळत चालला होता. सूर्य खवळला की वरची हवा तापते आणि हे हलके अणू जास्त वेगाने निसटतात. मॉडेलवाला खूश झाला. "बघा, घट माझ्या गणितात आहेच!" बाई म्हणाल्या, "तुझ्या गणितातली घट निम्मीसुद्धा नाही. उरलेली कुठून आली?" त्यांच्या मनात वेगळीच पाल चुकचुकत होती. आरसा मळतोय. कॅमेऱ्याचे भाग जोडायला वापरलेला डिंक वर गेल्यावर वाफ सोडतो, अशी शंका त्यांनी जोडणीच्या वेळी बोलून दाखवली होती. तेव्हा कॅमेऱ्याच्या साहेबांनी विचारलं होतं, "मॅडम, तुमचा डबा कॅमेऱ्यासाठी की कॅमेरा तुमच्या डब्यासाठी?" आणि सगळे हसले होते.

आरसा मळतोय की हायड्रोजन कमी होतोय, हे ठरवायला एक रस्ता होता, आणि तो अगदी सरळ होता. आकाशात काही निळे, रसरसून तापलेले तारे आहेत. त्यांचा अतिनील उजेड आधीच्या उपग्रहांनी मोजून ठेवलाय आणि तो वर्षानुवर्षं बदलत नाही. उपग्रह थोडा वळवायचा, डब्याचं तोंड अशा एका ताऱ्याकडे करायचं. तारा त्या मोजून ठेवलेल्या उजेडापेक्षा फिका दिसला तर दोष आरशाचा. तेवढाच दिसला तर हायड्रोजनच कमी झाला. पाऊण तासाचं काम.

हा पाऊण तास मागण्यात बाईंचे नाकी नऊ आले.

पहिल्या बैठकीत कॅमेऱ्याचे साहेब म्हणाले, वळवताना कॅमेऱ्यावर थेट ऊन पडलं तर? बाईंनी ऊन पडणार नाही असा कोन काढून आणला. दुसऱ्या बैठकीत ते म्हणाले, वळवायला इंधन लागेल. बाईंनी दाखवलं की उपग्रह आतल्या फिरत्या चाकांच्या जोरावर वळतो, इंधन लागत नाही. तिसऱ्या बैठकीत ते म्हणाले, आत्ता पुराचे फोटो घ्यायचेत. यावर काय बोलणार? लोक पाण्यात असताना मला तारा दाखवा म्हणायला बाईंची जीभ रेटली नाही. पूर ओसरला तेव्हा साहेब रजेवर होते. रजेवरून आले तेव्हा पिकांचे फोटो निघायचे होते. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच, आणि तिकडे रेषा घसरत राहिली.

"तुम्ही ओरडत का नाही त्यांच्यावर?" एकदा मॉडेलवाल्यानेच विचारलं.

"ओरडले. तेव्हापासून मला बैठकीची वेळ उशिरा कळवतात."

मग संचालकांनी बोलावलं. उपग्रह वर जाऊन इतका काळ झाला, डब्याचा एकही शोधनिबंध छापून आला नाही, वरचे लोक विचारतायत. मॉडेलवालाही तिथे होता. त्यानेच तोडगा सुचवला, आणि त्यात वाईट हेतू काही नव्हता. डब्याच्या सुरुवातीच्या सगळ्या आकड्यांना एका ठरावीक संख्येने भागलं की ते मॉडेलशी जुळतात. नंतरची घट आरशाची धरायची. निबंध महिन्यात तयार.

"भागायचं कशाला?" बाईंनी विचारलं.

"जुळण्यासाठी."

"जुळतंय म्हणून भागायचं, आणि भागलं म्हणून जुळतंय. मग वर डबा पाठवला कशाला? तुझ्या मॉडेलचीच प्रत काढली असती."

"मॅडम," संचालक म्हणाला, "शंभर टक्के बरोबर असं जगात काही नसतं."

"मला शंभर टक्के नकोय, सर. मला पाऊण तास हवाय."

त्या तिथून उठल्या त्या रागाने लालबुंद होऊन. घरी जेवायला बसल्यावर त्यांनी सगळं यजमानांना सांगितलं. कवळीवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समजूत घालावी म्हणून म्हणाले, "अगं, थोडंफार घासावंच लागतं. मी नाही का कवळी बसेना तर जरा घासून देत?"

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"तुम्ही घासता तेव्हा तोंड समोर असतं, अहो! टोचतंय म्हणून माणूस सांगतो. इथे तोंडच दिसत नाही, आणि हे म्हणतात घासा."

"मी आपलं…"

"तुम्हालाही असंच वाटतं ना, की मी उगाच हट्टाला पेटलेय?"

कवळीवाल्यांना 'नाही' म्हणायला एक क्षण उशीर झाला. संसारात असा एक क्षण फार महाग पडतो. पुढचे कित्येक दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. 'दूध आलं', 'किल्ली कुठे आहे', एवढंच. शेवटी आईनेच तोंड उघडलं. "त्या हायड्रोजनचं काय व्हायचं ते होऊ दे," ती दोघांना म्हणाली, "पण या घरात मला बोलायला माणूस हवंय. मी काय प्लॅस्टरच्या जबड्यांशी बोलू?" त्यावर कवळीवाल्यांना हसू फुटलं, बाईंनाही फुटलं. राग मात्र गेला नाही. तो यजमानांवरचा नव्हताच.

निबंध बाईंनी लिहिला, पण आपल्या पद्धतीने. सुरुवातीला हायड्रोजन इतका, अधिक-उणे चाळीस टक्के. नंतर घट दिसते. त्यात आरसा किती आणि आकाश किती, सांगता येत नाही. मॉडेलवाल्याने आपलं नाव काढून घेतलं. तपासणाऱ्यांनी निबंध परत पाठवला, वर लिहिलं, 'एवढी अनिश्चितता असेल तर यातून नवं काय कळलं?' बाईंनी तो वाक्यागणिक नीट करून पुन्हा पाठवला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा एका लहानशा पत्रिकेत छापून आला आणि कुणी वाचला नाही. प्रामाणिकपणे 'माहीत नाही' म्हणण्यासाठी इतकं झगडावं लागतं, हे बाईंना पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि कळून काही बरं वाटलं नाही.

मग कॅमेरा बंद पडला. एका सकाळी फोटो काळे यायला लागले ते लागलेच. कॅमेऱ्याच्या माणसांनी हर तऱ्हेने खटपट केली. शेवटी त्यांनी हात टेकले, कारण त्यांचा नवा कॅमेरा दुसऱ्या उपग्रहावर जायच्या बेतात होता. घरमालकाने बिऱ्हाड हलवलं. रिकाम्या घराचे दिवे मालवायचे एवढंच बाकी होतं. उपग्रह बंद करायच्या बैठकीची वेळ बाईंना या खेपेला बरोबर कळवली गेली, कारण लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"बंद करण्यापूर्वी तो मला द्या," बाई म्हणाल्या.

कॅमेऱ्याचे साहेब म्हणाले, "घ्या ना, मॅडम. आता त्याचा आम्हाला काय उपयोग?"

ज्या पाऊण तासासाठी त्यांनी इतकी वर्षं उंबरे झिजवले होते, त्याच्या जागी अख्खा उपग्रह असा टाकाऊ भांडं द्यावं तसा पदरात पडला. बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना रडू आलं, आणि तेही संतापाचं. त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या, नाक पुसलं आणि परत येऊन कामाला लागल्या.

उरलेल्या आठवड्यांत त्यांनी मिळेल तो तारा बघितला. एक तारा, दुसरा तारा, तिसरा, पुन्हा पहिला. तिन्ही ताऱ्यांनी एकच साक्ष दिली. आरसा मळला होता. चांगलाच मळला होता. डब्याची नजर निम्म्याच्याही खाली उतरली होती. त्या मळक्या नजरेचा हिशोब धरून बाईंनी त्याच आठवड्यांतला हायड्रोजन काढला. नोकरीत पहिल्यांदाच त्यांच्या हाती असा आकडा आला, जो छातीवर हात ठेवून सांगता येईल.

तो आकडा मॉडेलवाल्याच्या आकड्यापेक्षा जास्त होता. पण बाईंच्या पहिल्या दीडपटीच्या मानाने कमी होता. दोघांच्या मधे कुठेतरी, दोघांच्याही नाकावर टिच्चून.

मॉडेलवाल्याने कागद दोनदा वाचला.

"म्हणजे माझं मॉडेल चुकलं."

"हो."

"आणि तुमचा डबाही."

"कदाचित. आत्ताचं सांगते, सुरुवातीचं सांगता येत नाही. पहिल्या महिन्यात तारा बघितला असता तर सांगितलं असतं." बाईंचा आवाज चढला. "डबा वर गेला तेव्हाच चुकीचा होता, की गेल्यागेल्या मळायला लागला? मधल्या वर्षांत हायड्रोजन खरंच किती घटला? यातलं एकही आता कधीच कळणार नाही. ती वर्षं गेली. पुन्हा तसा सूर्य यायला दहा-अकरा वर्षं जातील, तेव्हा मी इथे नसेन. आणि सगळं कशापायी? पाऊण तासापायी!"

मॉडेलवाला खाली बघत म्हणाला, "बाई, मीही तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला हवं होतं."

"हवं होतं," बाई म्हणाल्या.  चहाला मात्र दोघं बरोबरच गेली.

शेवटच्या आकड्याचा निबंध चांगल्या पत्रिकेत आला. मॉडेलवाल्याने आपलं गणित त्याप्रमाणे दुरुस्त केलं, आणि दुरुस्तीला कारण कोण तेही स्वच्छ लिहिलं. उपग्रह बंद झाला.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना संचालकांनी बाईंना पुन्हा बोलावलं. नव्या उपग्रहावर तसाच एक डबा जाणार होता, तो बांधणारी मंडळी नवी होती, आणि बाईंनी सल्लागार म्हणून बैठकीला बसावं अशी त्यांची इच्छा होती. बाई गेल्या. पडद्यावर कामाचा आराखडा होता. त्यात अगदी शेवटी एक ओळ होती, 'ताऱ्यांची पाहणी, वेळ मिळाल्यास.'

"हे 'वेळ मिळाल्यास' काढा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, तत्त्वतः आम्हाला मान्यच आहे…" कॅमेऱ्याच्या बाजूने नवीन आलेले साहेब म्हणाले. माणूस नवा होता, वाक्य जुनंच होतं.

"तत्त्वतः नको. झाकण उघडल्यावर पहिल्या आठवड्यात तारा. त्यानंतर दर महिन्याला तारा. हे आत्ताच लिहा, नाहीतर डब्याच्या जागी ठोकळा पाठवा. निदान तो खोटं सांगणार नाही."

खोलीत कुजबुज झाली. मॉडेलवाला कोपऱ्यातून उठून उभा राहिला. "बाई म्हणतायत ते झालं नाही, तर त्या डब्याचे आकडे मी मॉडेलात घेणार नाही," तो म्हणाला. संचालकाने एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. बरीच घासाघीस झाली. शेवटी पहिल्या आठवड्यातला तारा मिळाला. दर महिन्याचा नाही मिळाला. तीन महिन्यांतून एकदा, आणि तोही कॅमेऱ्याची अडचण नसेल तर.

बाई घरी आल्या तेव्हा कवळीवाले एका गिऱ्हाइकाला आरसा दाखवत होते. म्हातारा नव्या दातांनी हसून बघत होता. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालं बैठकीचं?"

"तीन महिन्यांतून एकदा देतो म्हणाले."

"अरे वा! काहीच नव्हतं, त्यापेक्षा बरं."

बाईंनी पर्स खुंटीला अडकवली. "बरं नाही," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांत आरसा किती मळतो ते मी बघितलंय. उद्या पुन्हा जाते भांडायला."

आतून आईने हाक मारली, "भांडायला जायचं तर जेवून घे आधी."